भिंतीपलीकडचा खांदा

धाकट्या मेव्हणीच्या लग्नात मी नवरदेवाच्या काकांच्या डोळ्यात मूठभर अक्षता मारल्या. मुद्दाम नाही. उजवा हात खांद्याच्या वर जाईना म्हणून डाव्या हातानं टाकल्या, आणि माझा डावा हात म्हणजे जन्मभर नुसता बसून खाल्लेला. त्याला नेम कुठून येणार? काका बिचारे मोठ्या भक्तीनं मंगलाष्टक म्हणत होते. त्यांनी मधेच जो सूर लावला, त्याची नक्कल दोन्ही घरांत पुढे कित्येक वर्षं चालली.

दोष खांद्याचा होता. चार महिन्यांपासून तो गंजलेल्या कडीसारखा झाला होता. भांग पाडता येईना, पाठ खाजवता येईना. जानवं कानाला लावायचं तर कानालाच खाली आणावं लागे. सदरा आमची ही घालून द्यायची. आधी डोकं, मग डावा हात, आणि उजव्या हाताच्या वेळी मी "अगं आई गं" म्हणायचं, असा क्रम ठरून गेला होता. वैद्यांचे लेप झाले, डॉक्टरांच्या चिकटपट्ट्या झाल्या. पट्ट्या काढताना छातीवरचे केस गेले, खांदा मात्र होता तिथंच राहिला.

अक्षतांच्या प्रकारानंतर हिनं भाजीवालीकडून पत्ता काढला. "तो शुक्रवारी तलाव आहे ना, त्याच्या मागे एक वस्ताद आहेत. फक्त खांदे बघतात. उद्या जा."

"फक्त खांदे? बाकीचा माणूस कोण बघतं?"

"बाकीच्यात बघण्यासारखं काय आहे?" ही म्हणाली.

मी गेलो.

कडुनिंबाखाली अंगण, एक विहीर, मागे कौलारू छपरी. अंगणाची एक भिंत चुन्यानं पांढरी केलेली आणि तिच्यावर कोळशाच्या शेकडो आडव्या रेघा. कुठे रेघेशेजारी विळा काढलेला, कुठे घागर, कुठे बैलाचं तोंड. मला ते एखाद्या देवीचं काम वाटलं आणि मी चपला काढून भिंतीला नमस्कार करायला गेलो. अर्धाच झाला.

"आणखी वर नाही जात का?" मागून आवाज आला.

वस्ताद उंच, काळेसावळे, पन्नाशीच्या पुढचे. नजरेत भरायची ती एकच गोष्ट. त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं वर होता, त्यामुळे ते सदैव एका बाजूनं "मला काय करायचंय" म्हणत उभे आहेत असं वाटे. माझा हात त्यांनी हातात घेतला, बाजाराचं वांगं दाबून पाहावं तसा खांदा दाबला, आणि विचारलं, "सलाम कोणाले करता, बाबू?"

"म्हणजे?"

"दिवसातून किती डाव वाकता? कोणासमोर?"

मी म्हटलं, मी कचेरीत नक्कलनवीस आहे, कागदांच्या नकला करतो, लिहून लिहून हात धरला असेल.

"लिहून नाही धरत," ते म्हणाले. "बोट दुखंन, मनगट दुखंन. खांदा अकडते तो गिळलेल्या रागानं. माणूस समजते का गिळलेला राग पोटात गेला. पोटात नाही जात गा. इथं येऊन बसते." आणि त्यांनी नेमकी ती जागा दाबली. माझ्या डोळ्यांपुढे सीताबर्डीचा किल्ला दिवसाउजेडी फिरला.

वस्तादांची रीत अशी. आधी गरम रेतीच्या पुरचुंडीनं शेक. मग तिळाचं तेल. मग भिंतीसमोर उभं राहून बोटं मुंगीसारखी वर वर चालवायची. जिथं थांबतील तिथं ते कोळशानं रेघ मारत. लिहितावाचता येत नव्हतं, म्हणून ज्याची त्याची खूण. माझ्या रेघेजवळ त्यांनी दौत काढली. ती मला माझ्या बेंबीपासून फार दूर दिसली नाही. त्यानंतर विहिरीवर गडगडीनं पाणी ओढायचं. हाच इलाज आणि हीच त्यांची दक्षिणा. हमाल, विणकर, मजुरीच्या बाया यांना पाच घागरी. कलम चालवणाऱ्याला वीस. "काहून?" असं मी एकदाच विचारलं. "त्याहीनं घरी आधीच भरलेलं असते," एवढंच उत्तर मिळालं.

शेवटची पायरी गोणीची. निंबाला कोंड्यानं भरलेली गोणी टांगलेली असे. तिच्या कानाशी जाऊन एक नाव सांगायचं आणि मग दुखऱ्या हातानं ठोसे मारायचे. एक म्हातारी विधवा यायची, दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक करणारी. दळून दळून तिचा हात छातीशी चिकटला होता. पहिल्या दिवशी ती गोणीपुढे नुसती रडली. वस्ताद म्हणाले, "रडू नको वं माय, हाण." ती म्हणाली, "दीर आहे हो माझा, थोरला." "मंग दोन जास्ती हाण." पंधराव्या दिवशी तिनं गोणीची शिवण उसवली, कोंडा सगळ्या अंगणभर झाला, आणि तिनं हात वर करून स्वतःच्या डोक्यावरचा पदर नीट केला. वस्तादांनी तिची रेघ मारली, शेजारी जातं काढलं. मग स्वतः बसून, तोंडानं दिराला शिव्या घालत गोणी शिवली. त्या दिराला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. पण राग दुसऱ्याचा असला म्हणून त्यांना कमी येत नसे. एखादा म्हणालाच, "जाऊ द्या, झालं ते विसरलो मी," तर ते गंभीरपणे म्हणत, "तू इसरला. खांदा नाही इसरला. तो तुह्यापेक्षा इमानदार हाये."

माझी पाळी आली. मी गोणीच्या कानाशी गेलो, इकडेतिकडे पाहिलं, आणि आमच्या शिरस्तेदारांचं नाव घेतलं. शिरस्तेदार म्हणजे कचेरीतल्या आम्हा सगळ्या कारकुनांच्या डोक्यावरचा माणूस. उभ्या कचेरीसमोर माझी नक्कल फाडून माझ्याच टोपीत घालणारा. मी इतका हळू बोललो की गोणीलाही ऐकू गेलं नसावं. पण वस्तादांचा तेलाचा हात जागच्या जागी थांबला.

"कोणत्या कचेरीतला?"

मी सांगितलं.

ते उठले, विहिरीवर गेले, डोक्यावर एक बादली ओतून घेतली आणि तसेच निथळत माझ्यासमोर येऊन बसले. "बारा वर्षं वारा घातला त्याले," म्हणाले.

त्या वेळी बिजलीचे पंखे यायचे होते. साहेबाच्या आणि शिरस्तेदाराच्या डोक्यावर छताला लांब कापडी पंखा टांगलेला असे. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात निघे, आणि तिथं जमिनीवर बसून पंखेवाला दिवसभर ती ओढी. आतल्याला वारा दिसे, दोरी दिसे, भोक दिसे. माणूस दिसत नसे. वस्ताद त्या भोकापलीकडे बारा उन्हाळे बसले. शेवटी खांदा अकडला. हात चालेना, तेव्हा दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून ओढू लागले. नागपूरचा मे महिना, भर दुपार. पाच श्वास पाय थांबला. शिरस्तेदार बाहेर आले, पाण्याची सुरई डोक्यावर रिकामी केली, आणि दाव्यासाठी आलेल्या पक्षकारांच्या गर्दीसमोर म्हणाले, "हात चालत नसेल तर दोरी शेपटीला बांध."

"सारे हासले, बाबू. ज्याहीच्या शेतात मी लहानपणी राखण केली तेही हासले."

मी खाली पाहिलं. कारण ही गोष्ट मला ठाऊक होती. शिरस्तेदार ती डबे उघडल्यावर आठवड्यातून एकदा तरी सांगत. शेपटीवर येऊन थांबत आणि आमच्याकडे पाहत, की आम्ही हसायचं. मीही हसलो होतो. एकदा तर चांगली दाद म्हणून टाळी दिली होती. त्याच, उजव्या हातानं.

"नोकरी गेली, नऊ वर्षं झाली त्याले. वर्षभर मी याच भिंतीवर बोटं चालवली," वस्ताद म्हणाले. "रोज मारुतीले एकच मांगतो. देवा, त्याले मरण देऊ नको, त्याले खांदा दे. येईन तो. मानेत अकड असली का एक ना एक दिवस खांद्यात उतरतेच. मंग माह्या हाती येईन."

माझा खांदा दीड महिन्यात सुटला. शेवटची दौत माझ्या टाळूच्या हातभर वर आहे. पण मी जात राहिलो. खरं सांगायचं तर मला आता शिरस्तेदाराच्या खांद्याचा नाद लागला होता. कचेरीत मी नकलेपेक्षा त्यांच्या कोपराकडे जास्त पाहू लागलो. आणि पुढच्या संक्रांतीनंतर एके दिवशी त्यांनी वरच्या फळीवरचं दप्तर काढायला हात उचलला, अर्ध्यात थांबले, आणि "शिपाई!" म्हणून ओरडले. आठ दिवसांनी, बांधायला हात पुरेना म्हणून, फेटा जरा डावीकडे कलला, पंधरा दिवसांनी आणखी. तीळगुळाची गोडी मला तेव्हा कळली.

मी धावत वस्तादांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतलं, मारुतीला तेल घातलं, आणि पहार काढून छपरीच्या भिंतीला भोक पाडायला घेतलं. आठवड्यात इतवारी बाजारातल्या कबाड्याकडून जुना पंखा आणून आत टांगलासुद्धा.

इकडे शिरस्तेदारांची घाई निराळीच. उन्हाळ्याच्या तोंडी दरबार भरायचा होता आणि त्यात त्यांना रावसाहेबकी मिळणार होती. लाटसाहेबापुढे जाऊन उजव्या हातानं तीनदा, कपाळापर्यंत, नीट सलाम. हात तर फासळीच्या वर येईना. डाव्या हातानं सलाम केला तर किताब राहिला बाजूला, नोकरीचीच चौकशी. आयुष्यभर ज्या एका सलामासाठी बाकीचे केले, तोच अडला होता. सगळे डॉक्टर झाल्यावर त्यांनी मला बोलावलं.

"तुमचा हात कसा हो बरा झाला?" माझ्या आठ वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा अहोजाहो.

मी सांगितलं, एक वस्ताद आहेत. यात खोटं काही नव्हतं. बाकीचं त्यांनी विचारलं नाही.

टांग्यातून उतरून शिरस्तेदार अंगणात आले. वस्ताद पुढे झाले, समोर उभे राहिले. मग डावीकडे तोंड केलं, मग उजवीकडे.

"साहेब, मले कुठं पाह्यलं?"

"छे! मी इकडे कशाला येतो?"

वस्तादांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी विसरणार नाही. नऊ वर्षं तयारी करून यावं आणि समोरच्यानं दारच उघडू नये, तसं. त्यांनी शिरस्तेदारांना बसवलं, उजवा हात दोन्ही हातांत घेतला, आणि शिरस्तेदारांच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिलं. एक हिसका पुरे होता. हात कायमचा कामातून गेला असता आणि कोणी दोषही दिला नसता. आणि कबूल करतो, मनाच्या एका कोपऱ्यात मी "होऊन जाऊ द्या" म्हणत होतो.

वस्तादांनी हात हलके मांडीवर ठेवला. "बरा होईन. पण माह्या रीतीनं. रोज दुपारी दोन घंटे."

ना शेक, ना तेल, ना गोणी. छपरीच्या बाहेर, भिंतीतल्या भोकाशी, उन्हाच्या झळीत शिरस्तेदारांना जमिनीवर बसवलं आणि हातात दोरी दिली. आत वस्ताद खाटेवर पाय पसरून निजले. "याच्यानं खांदा मोकळा होते, साहेब. ओढा." आणि ते खरंच होतं. इलाजच तो होता. शिरस्तेदार ओढू लागले. जरा थांबले की आतून आवाज येई, "काहून थांबला गा? गरमी होऊन राहिली ना!" मी निंबाखाली बसून हे पाहत असे. कचेरीतून रोज दुपारी मला शिरस्तेदारांबरोबर सुटी असे, त्यांनीच मंजूर केलेली. इतकी गोड सरकारी नोकरी मी पुन्हा केली नाही.

भिंतीवर रेघ चढत होती. खुणेला फेटा. छातीपर्यंत आली, मग गळ्यापर्यंत, आणि तिथं अडली. दरबार आठ दिवसांवर.

त्या दुपारी ऊन असं होतं की निंबावरचे कावळेही चोची उघडून बसले होते. शिरस्तेदारांची मान खाली गेली. दोरी ढिली पडली. पंखा थांबला. वस्ताद छपरीतून बाहेर आले, विहिरीवरची घागर उचलली, आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत, त्यांच्या फेट्यावर ओतली. मग म्हणाले,

"हात चालत नसेल तर दोरी शेपटीला बांध."

शुद्ध कचेरीतल्या भाषेत, शिरस्तेदारांच्याच आवाजात. शेपटीवर थांबलेसुद्धा.

शिरस्तेदारांनी चेहरा ओळखला नाही. स्वतःचा विनोद ओळखला. त्यावरून मागे मागे जात ते व्हरांड्यापर्यंत पोचले असावेत, कारण एकदम उठले. "तू! पंखेकुली!" आणि मारायला हात उगारला. उजवा. आतून ओलं लाकूड मोडावं तसा आवाज आला आणि हात गळ्यावरून, कानावरून, थेट आभाळाकडे गेला. आणि तिथंच राहिला. खाली येईना. हात वर, तोंड उघडं, फेट्याचं पाणी मिशीतून गळतंय.

"आई गं!" शिरस्तेदार म्हणाले. मला एकदम ओळखीचं कोणी भेटल्यासारखं वाटलं.

विहिरीवरच्या बाया थांबल्या. घागर घेऊन आलेला हमाल थांबला. वस्ताद निंबाच्या पारावर बसले. त्यांच्या टोपलीत काटोलकडची संत्री असत. एक घेतलं आणि सोलू लागले. अख्खी साल एकसंध काढली.

"खाली आण हा हात," शिरस्तेदार म्हणाले. मग, "आणा."

"आणतो. बारा वर्षं तुमाले वारा घातला, साहेब. माहं नाव सांगा, आणतो."

शिरस्तेदारांनी डोळे मिटले. आठवत होते. गणपत, महादू, नत्थू, अशी तीनचार नावं टाकून पाहिली. प्रत्येक नावाला वस्ताद एक फोड तोंडात घालत आणि बी थुंकत. शेवटी, जो माणूस आमच्यापुढे कधी खालच्या सुरात बोलला नव्हता, तो म्हणाला, "तुमचं नाव काय हो? सांगा. चूक झाली. सांगा."

मला वाटलं, झालं. आता सांगतील, दोघांच्याही डोळ्यांत पाणी येईल, मीही थोडं काढीन.

वस्तादांनी शेवटची फोड खाल्ली, हात धोतराला पुसले. "आता नाही सांगत," ते म्हणाले. "आता जलमभर इचारत राहा."

उठले, उगारलेला हात मनगटाशी आणि बगलेशी धरला, एकच झोल दिला, आणि तो अलगद खाली आला. मोकळा, पोराच्या हातासारखा. भिंतीवर सगळ्यात उंच रेघ त्यांनी त्याच वेळी मारली. शेजारी फेटा काढला नाही. काहीच काढलं नाही.

दरबारात तीनही सलाम कपाळापर्यंत गेले. शामियान्याच्या दोरखंडापलीकडे लोकांच्या गर्दीत मी उभा होतो. चार माणसं सोडून वस्तादही होते, धुतलेलं धोतर, डोक्याला पांढरं मुंडासं. रावसाहेब किताब घेऊन बाहेर निघाले, गर्दीवरून नजर गेली, वस्तादांवर थांबली. त्यांचा उजवा हात कोणी दोरी ओढल्यासारखा आपोआप कपाळाकडे चढला, आणि ओठ हलले. काय विचारताहेत ते मला एवढ्या लांबूनही कळलं. वस्तादांनी पूर्ण सलाम होऊ दिला. मग पाठ फिरवली. तो एक वर चढलेला खांदा गर्दीतून दूर दूर जाताना मी बराच वेळ पाहत राहिलो.

मला लवकरच दप्तरखान्यात वाळवीच्या सोबतीला धाडण्यात आलं. त्याचं काही वाटलं नाही. महिन्याभरानं मी मिठाईचा पुडा घेऊन शुक्रवारी तलावामागे गेलो, तर छपरीला कुलूप. विहिरीवरच्या बायांनी सांगितलं, वस्ताद गावी गेले कायमचे, काटोलच्या बाजूला. इथलं काम झालं म्हणाले.

घरी येऊन मी हिला ती सगळी हकीकत पुन्हा एकदा रंगवून सांगितली. शिरस्तेदारांना नाव आठवत नव्हतं तिथं तर हात वर करून, डोळे मिटून नक्कलही केली. "बारा वर्षं! आणि नाव नाही ठाऊक! अशा माणसाला हीच शिक्षा," म्हटलं. "ते काही नाही, उद्याच मी काटोलला जातो आणि वस्तादांना शोधून काढतो."

ही पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही.

"जा की," ही म्हणाली. "पण गावात शिरल्यावर विचाराल काय? कोणाचं घर म्हणून?"